हजार खांबांच्या बस्तीत खांब किती?



दक्षिण यात्रेहून परतलेल्या बायकांच्या तोंडी श्रवणबेळगोळच्या बाहुबलींनंतर नाव येते ते मूडबिद्रीच्या हजार खांबांच्या बस्तीचे. आणि नाव निघाले की पाठोपाठ प्रश्न येतोच, "खरेच हजार आहेत का गं?" कोणी म्हणते आहेत, कोणी म्हणते गाईडने सांगितले म्हणून आपण म्हणायचे. आमच्या भिशीतल्या एकीने तर मोजायला सुरुवातही केली होती. दीडशेच्या आसपास पोचली आणि बस सुटायची वेळ झाली.

मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचे उत्तर त्या नावातच आहे. नाव नीट उलगडले की आपल्या घराचे, बस्तीचे आणि बोलीचेही बरेच काही हाती लागते. म्हणून आज त्या एका शब्दाबद्दल लिहिते.

कन्नडमध्ये या बस्तीला ‘साविर कंबद बसदी’ म्हणतात. साविर म्हणजे हजार, कंब म्हणजे खांब, आणि ‘द’ म्हणजे आपला ‘चा-ची-चे’. साविर हा शब्द ‘सहस्र’वरून आला आहे. बसदी म्हणजे आपली बस्ती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात आपण मंदिराला बस्ती म्हणतो ते याच शब्दावरून. परगावची माणसे ‘बस्तीत जाऊन येते’ म्हटले की वस्तीत जाते असे समजतात, ती गंमत आपल्या ओळखीची आहे.

राहिला ‘कंब’. हा आणि आपला ‘खांब’ एकाच घरातले. मूळ संस्कृत शब्द स्तंभ. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी प्राकृत भाषेचे व्याकरण लिहिले. त्यात स्तंभ शब्दाची प्राकृतात दोन रूपे होतात असे त्यांनी नोंदवले आहे : एक खंभ आणि दुसरे थंभ. पहिल्या रूपातून मराठीचा खांब आला आणि कन्नडचा कंबही. दुसऱ्या रूपातून गुजरातीचा थांभला आला. आपल्याकडच्या गुजराती भगिनी खांबाला थांभलो म्हणतात, ते त्यामुळे. आणि ‘थांबणे’ हे आपले क्रियापदही त्याच मुळाचे आहे. स्तंभ या धातूचा अर्थच आधार देणे, रोखून धरणे, स्थिर करणे असा आहे. स्तब्ध हा शब्दही त्यातलाच. म्हणजे खांब हा मुळात ‘थांबलेला’ आणि ‘थांबवून धरणारा’. छताला खाली येऊ न देणारा.

आता बस्तीकडे येऊ. मूडबिद्री दक्षिण कन्नड जिल्ह्यात, मंगळूरपासून फार लांब नाही. ‘मूड’ म्हणजे पूर्व आणि ‘बिदिरु’ म्हणजे बांबू. गावात अठरा बस्त्या आहेत, म्हणून त्याला जैन काशी म्हणतात. साविर कंबद बसदी त्यांतली सर्वांत मोठी. इ. स. १४३० मध्ये, विजयनगरच्या काळात, देवराय वडेयर यांनी ती बांधवली आणि पुढे तिच्यात भर पडत गेली. मूलनायक चंद्रप्रभ भगवान. तिथे त्यांना चंद्रनाथ स्वामी म्हणतात. खालचा भाग दगडी आहे, वरचे मजले लाकडी आहेत, आणि छपरे उतरती आहेत. किनाऱ्यावरचा पाऊस पाहिलेल्या बाईला ही छपरे अशी का, ते सांगायला नको. गेल्या शतकाआधीच्या फर्ग्युसन या ब्रिटिश अभ्यासकाला या रचनेवरून नेपाळची आठवण झाली होती.

या बस्तीचे खरे, लेखी नाव मात्र वेगळेच आहे : त्रिभुवनतिलकचूडामणी. तिन्ही लोकांच्या कपाळीचा मणी. किती सुंदर नाव! पण पूजेतल्या उच्चाराबाहेर ते फारसे कोणी घेत नाही. लोकांनी नाव ठेवले ते खांबांवरून.

असेच राणकपूरचे झाले आहे. राजस्थानातले ते आदिनाथांचे चौमुख मंदिर आपल्या श्वेतांबर बंधूंचे. धरणा शाह नावाच्या श्रावकाने ते राणा कुंभाच्या राज्यात बांधवले. रचनाकाराचे नाव देपा. तिथला मोठा शिलालेख इ. स. १४३९ च्या सुमाराचा, म्हणजे मूडबिद्रीनंतर जेमतेम दहा वर्षांनी. त्या मंदिराचे नाव त्रैलोक्यदीपक. एक उत्तरेत, एक दक्षिणेत, एक श्वेतांबर, एक दिगंबर, दोघांच्याही नावात तिन्ही लोक आहेत. आणि दोघांचीही ओळख लोकांच्या तोंडी एकच : खांबांची संख्या. राणकपूरला ती १४४४ सांगतात.

लोक इमारतीला खांबांवरून का ओळखतात? याचे उत्तर आपल्या मराठीत आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात गाभाऱ्याकडे जाताना आधी सोळखांबी लागते, मग चौखांबी. सोळा खांबांचा मंडप तो सोळखांबी, चार खांबांचा तो चौखांबी. साधे, हिशेबाचे नाव. आपल्या जुन्या घरांचेही तसेच होते. माझ्या सासरचा वाडा पाच खणी. दोन खांबांमधली, दोन तुळयांमधली जी जागा, तो एक खण. घर किती मोठे हे चौरस फुटांत कोणी सांगत नसे. ‘तीन खणांचे आहे’, ‘सात खणांची माडी आहे’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला कळे, त्यात किती माणसे राहतील आणि मुलगी द्यायची की नाही! कपाटाचा खण, कप्प्याकप्प्यांची फळी यांतही हाच अर्थ आहे. जागा भागून घेणे.

यामागे बांधकामाचे साधे गणित आहे. दगड वरून आलेले ओझे उत्तम सोसतो, पण दोन टोकांवर ठेवून मधे भार दिला तर मोडतो. म्हणून दगडी तुळई काही हातांपलीकडे लांब ठेवता येत नाही. तिच्या खाली लगेच दुसरा खांब लागतो. लाकडाचेही थोड्याफार फरकाने तेच. कमान न वापरता मोठी सभा एका छताखाली बसवायची असेल तर खांब वाढवत न्यावे लागतात. म्हणजे ‘सोळा खांब’ याचा अर्थ एवढी माणसे मावतील. खांब मोजणे म्हणजे माणसे मोजणे होते.

माझी मुलगी कलाशाखेत शिकते. तिच्या पुस्तकात अशा सभागृहाला ‘हायपोस्टाइल’ असा शब्द आहे. मूळ ग्रीक : हायपो म्हणजे खाली, स्टायलॉस म्हणजे खांब. ज्याच्या छताखाली खांबच खांब आहेत ते. इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिरात असे सभागृह आहे, त्यात १३४ खांब आहेत. शब्द चांगला आहे, पण त्यात संख्या नाही. आपल्या शब्दांत आकडा आधी येतो आणि मग खांब. चौखांबी म्हणताना आपण मोजूनच बोलतो.

पण चार आणि सोळापर्यंत जो हिशेब खरा असतो, तो हजाराला गेला की बदलतो. मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात सोळाव्या शतकातला ‘आयिरम् काल मंडपम्’ आहे, म्हणजे हजार खांबांचा मंडप. तिथे खांब ९८५ आहेत. तेलंगणात हनमकोंड्याला काकतीय राजा रुद्रदेवाने ११६३ मध्ये बांधलेल्या मंदिरालाही लोक हजार खांबांचे मंदिर म्हणतात. आणखी एक गंमत इराणातली. इस्फहानच्या राजवाड्याचे नाव ‘चेहेल सोतून’, म्हणजे चाळीस खांब. प्रत्यक्षात पुढच्या ओसरीला लाकडी खांब वीसच आहेत. उरलेले वीस समोरच्या तळ्याच्या पाण्यात दिसतात! फारसीत चाळीस हा आकडा ‘पुष्कळ’ या अर्थीही वापरतात, तसा आपण ‘शंभरदा सांगितले’ म्हणतो. मुलाला शंभरदा हाक मारणाऱ्या आईने मोजून हाका मारलेल्या नसतात.

मग मूडबिद्रीचे हजार म्हणजे नुसते ‘पुष्कळ’ का? इथे मला वाटते आपल्याला, जैन घरातल्या बायकांना, जास्त कळायला हवे.

आपल्या घरी येणारी कुठलीही कार्यक्रमपत्रिका उघडा. पंचकल्याणक असो, चातुर्मास स्थापना असो. मुनी महाराजांच्या नावामागे १०८ असते. आर्यिका माताजींच्या नावामागे १०५. आणि भगवंतांच्या नावामागे श्री १००८. लहानपणी मला वाटायचे हा पत्ता किंवा नोंदणी क्रमांक असावा. हा मान आहे. तीर्थंकरांच्या देहावर १००८ शुभ लक्षणे असतात असे आपली परंपरा सांगते, आणि नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात भगवंतांची १००८ नावे गुंफली, तेच आपले सहस्रनाम. आपल्याकडे ‘सहस्र’ हा आकडा भगवंतांच्या जागेचा आहे. त्याखालचे आकडे इतरांसाठी, हा भगवंतांसाठी. म्हणून चंद्रप्रभूंच्या बस्तीला साविर कंब म्हणणारा माणूस मला तरी मोजदाद करताना दिसत नाही. ज्यांच्या नावामागे १००८ लावायचे त्यांच्या घराला हजाराहून कमी खांब कसे म्हणायचे, एवढीच त्याची भावना असावी. हा माझा विचार आहे, कुठल्या शिलालेखात तो लिहिलेला नाही.

तरीही मोजायचेच असेल तर तिथे उभे राहून पाहा, नेमके काय मोजायचे हाच प्रश्न पडतो. मंडपातले जाड दगडी खांब मोजायचे, की वरच्या मजल्यांवरचे लाकडीही? भिंतीला चिकटलेले अर्धे खांब धरायचे की नाही? एक खांब दुसऱ्यासारखा नाही असे तिथे सांगतात. घडवणाऱ्याने प्रत्येकावर वेगळे मन लावले आहे. त्यामुळे ‘एकूण किती’ यापेक्षा एखादाच खांब नीट पाहून येणारी बाई जास्त पाहून येते, असे मला वाटते.

आणि एक खांब तर असा आहे की तो या हजारांत नाहीच. बस्तीच्या समोर, उघड्यावर, पन्नासेक फूट उंच एकसंध दगडाचा मानस्तंभ आहे. तो भैरव राजाची राणी नागलदेवी हिने उभारला. आपल्या बायकांच्या लक्षात राहावे असे हे नाव आहे. आतले सगळे खांब छत धरून आहेत. मानस्तंभावर छत नाही, भार नाही. मग तो कशासाठी? समवसरणाच्या चारी दिशांना मानस्तंभ असतात. इंद्रभूती गौतम वाद घालायला, भगवान महावीरांना हरवायला निघाले होते, आणि मानस्तंभ दिसताच त्यांचा मान, म्हणजे अहंकार, गळून पडला, ही कथा आपण पर्वात दरवर्षी ऐकतो. आत हजार खांबांनी मान द्यायचा, आणि आत जाण्याआधी बाहेरच्या एका खांबाने आपला मान काढून घ्यायचा. एकच शब्द, दोन अर्थ. मूडबिद्रीला ते दोन्ही समोरासमोर उभे आहेत.

खांबाचे आणखी एक काम असते, तेही सांगते. खांब हा आपल्या लोकांचा कागद होता. श्रवणबेळगोळला चंद्रगिरीवर पार्श्वनाथ बस्ती आहे. तिच्या मंडपातल्या खांबावर मल्लिषेण मुनींच्या समाधीचा लेख कोरलेला आहे, सन ११२९ चा. मल्लिषेणांच्या आधी कोणकोण आचार्य होऊन गेले, याची मोठी परंपरा त्यात दिली आहे. तो खांब नसता तर त्यातली कित्येक नावे आज आपल्याला कळलीही नसती. कोणी दान दिले, कोणी सल्लेखना घेतली, हे आपल्या भागातल्या जुन्या बस्त्यांतही दगडावर, हळेकन्नड अक्षरांत कोरलेले सापडते. आपण त्यावर हळदकुंकू लावतो, तेल लावतो, आणि अक्षरे बुजत जातात.

आता हे सगळे आज का लिहिले ते सांगते.

आमच्या नात्यातल्या एका गावी बस्तीच्या जीर्णोद्धाराची बैठक झाली. जुना दगडी मंडप आहे, बारा खांबांचा. ठरावात असे होते की खांब काढून वर स्लॅब टाकायचा आणि मोकळा हॉल करायचा. कारण काय, तर खांब आड येतात आणि मागे बसणाऱ्या बायकांना अभिषेक दिसत नाही. कारण खोटे नाही. खांबाच्या डाव्या-उजव्या बाजूने मान काढून आपण किती अभिषेक पाहिलेत ते आपल्यालाच माहीत. बैठकीत सगळे गप्प होते. मग एक सत्तरीच्या आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "अण्णा, बायकांना दिसत नसेल तर बायकांना पुढे बसवा. त्यासाठी खांब कशाला काढता?" बैठकीत हशा पिकला, पण ठराव पुढे ढकलला गेला. निर्णय अजून व्हायचा आहे.

मला आक्कांचे बोलणे फार पटले. राणकपूरला १४४४ खांब आहेत, पण चारही दारांतून आत येणाऱ्याची नजर खांबांच्या रांगांमधून सरळ चौमुख भगवंतांपर्यंत पोचते. खांब कुठे आणि किती अंतरावर, याचा विचार जुन्या लोकांनी केलेला असतो. गैरसोय असेल तर ती बसण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती बदलता येते. उद्या खांब पाडला तर परत उभा करता येणार नाही. आणि बारा खांबांचा मंडप म्हणजे केवढी माणसे धरून ज्यांनी बांधला, त्यांची मोजदादही त्याच्याबरोबर जाईल.

शब्दही जातात. माझ्या सासऱ्यांना खांबाखालच्या दगडाला उथळे म्हणतात हे ठाऊक होते. तुळई, खण, माडी हे शब्द सासूबाईंच्या बोलण्यात रोज असत. आता घर बांधताना आपण ‘कॉलम’ आणि ‘बीम’ म्हणतो. त्यात वाईट काही नाही, सिमेंटचे खांब आहेत, त्यांना गवंडी जे म्हणतो तेच म्हणायचे. पण लग्नात अजून आपण मेढ रोवतोच. मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. पहिला खांब रोवला की कार्य सुरू झाले, ही समजूत आपण सोडलेली नाही.

आणि एक हसण्यासारखी, पण खरी गोष्ट. कायोत्सर्गाचे जे बत्तीस दोष सांगितले आहेत त्यांत खांबाला टेकून उभे राहणे हा एक दोष आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक खांबाला टेकत असणार, त्याशिवाय आचार्य हे लिहितील कशाला! ध्यानात टेकू नये, ते बरोबरच. पण आपल्या बस्तीत खांबाजवळची जागा वयस्कर बायकांची असते, त्या पूजा संपेपर्यंत पाठ टेकून बसतात, आणि ती जागा दुसरी कोणी घेत नाही. मोकळ्या हॉलमध्ये त्या कुठे टेकणार?

म्हणून मैत्रिणींनो, एक छोटी विनंती. येत्या अष्टमी-चतुर्दशीला बस्तीत जाल तेव्हा आपल्या मंडपाचे खांब मोजा. आपल्या बस्तीला जुन्या लोकांत काही नाव आहे का, चौखांबी, बारखांबी असे, ते सासूबाईंना, आजींना विचारा. खांबावर अक्षरे असतील तर त्यांच्यावर तेल-कुंकू लावू नका, मोबाइलवर तिरप्या उजेडात स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि कन्नड जाणणाऱ्या कोणाला दाखवा. जीर्णोद्धाराची बैठक असेल तर घरी थांबू नका, जाऊन बसा आणि खांबांचे काय करणार हे विचारा. तुमच्या बस्तीचा आकडा आणि नाव मला कळवा, मी वहीत लिहून ठेवते आहे. आतापर्यंत माझ्या वहीत आठ बस्त्या झाल्या आहेत. हजार खांब व्हायला अजून बराच अवकाश आहे.

जय जिनेंद्र.